लॉ करायचंय, भोपाळचं नाव ऐकलंय… पण घरातल्या शंकांचं काय?



१ जूनला बंदी लागली की बोटी किनाऱ्याला येतात, जाळ्यांची आणि इंजिनाची कामं निघतात. याच दोन महिन्यांत घराघरात आणखी एक विषय निघतो, तो म्हणजे पोरांच्या पुढच्या शिक्षणाचा. हल्ली त्यात "लॉ" हा शब्द बराच ऐकू येतो. कुणाच्या पोरीने भोपाळच्या कॉलेजचं नाव काढलेलं असतं, कुणाच्या पोराला क्लॅट नावाची परीक्षा द्यायची असते. आईबापाला मात्र त्यातलं काही माहीत नसतं. मग "ते आपलं काम नाही" म्हणून विषय बंद होतो.

तो तसा बंद होऊ नये म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र देतोय. आधी मुद्द्याची गोष्ट: वकील व्हायला दोन रस्ते आहेत. एक भोपाळसारख्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा, दुसरा आपल्या जिल्ह्यातल्या लॉ कॉलेजचा. दोन्हीकडून शेवटी मिळते ती वकिलीची सनद एकच. त्यामुळे भोपाळ जमलं नाही म्हणून वकिली सोडायची नाही, आणि भोपाळच्या नावासाठी बोट गहाण टाकायची नाही.

भोपाळला असं काय आहे?

तिथे नॅशनल लॉ इन्स्टिट्यूट युनिव्हर्सिटी आहे, थोडक्यात एनएलआययू. मध्य प्रदेश सरकारने १९९७ मध्ये कायदा करून ती स्थापन केली आणि १९९८ पासून वर्ग सुरू झाले. बारावीनंतर पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. अभ्यासक्रम, राहणं हॉस्टेलवर. कॅम्पस शहराच्या कडेला, केरवा धरणाच्या रस्त्यावर आहे. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी पंजाब मेल दुसऱ्या दिवशी सकाळी भोपाळला पोचते. शहरात जुनी मराठी वस्ती आहे, मोठं तळं आहे आणि त्या तळ्यावर मासेमारी करणारी माणसंही आहेत. म्हणजे अगदी परका मुलूख नाही.

देशात अशी वीसहून जास्त राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. आपल्या महाराष्ट्रातच तीन आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. प्रवेश बहुतेक सगळीकडे एकाच परीक्षेतून, म्हणजे क्लॅटमधून होतो. दिल्लीच्या विद्यापीठाची परीक्षा तेवढी वेगळी आहे. पूर्वी प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म वेगळा आणि परीक्षा वेगळी असायची. २००८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून एकच परीक्षा सुरू केली, त्या पहिल्या सातांत भोपाळ होतं.

"पोरगी मराठी मीडियमची. इंग्रजी परीक्षा जमेल का?"

खरं सांगायचं तर क्लॅट फक्त इंग्रजीत असते आणि त्यात वाचायला खूप असतं. १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण कापतात. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, साधा तर्क आणि दहावीपर्यंतचं गणित असे पाच भाग. प्रत्येक भागात आधी उतारा, मग त्यावर प्रश्न.

पण कायदा आधीपासून पाठ असावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो प्रसंगाला लावून दाखवायचा. समजा नियम असा आहे: "आपली वस्तू सांभाळण्यात जो हलगर्जीपणा करील, त्याने झालेलं नुकसान भरून द्यावं." प्रसंग असा: नांगरलेल्या बोटीचा दोर तुटला आणि ती शेजारच्या बोटीवर आदळली. दोर झिजलाय हे मालकाला आठवडाभर ठाऊक होतं. मग भरपाई कोण देणार? आणि दोर नवा असता, पण अचानक वादळ आलं असतं, तर उत्तर बदलेल का? बंदरावर वाढलेल्या पोराला हा विचार नवा नाही. नवी आहे ती इंग्रजी. ती दोन महिन्यांत येत नाही, पण अकरावीपासून रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचला आणि त्यातले दहा शब्द वहीत उतरवले, तर दीड वर्षात मोठा फरक पडतो.

आणि इंग्रजी नाहीच जमली तर? दुसरा रस्ता आहे. महाराष्ट्र सरकारच्या सीईटी सेलची लॉ सीईटी मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यातून मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस इथपासून रत्नागिरी-अलिबागच्या लॉ कॉलेजपर्यंत प्रवेश मिळतो. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ पासून चालू आहे. ते काही दुय्यम ठिकाण नव्हे.

"फॉर्म कधी भरायचा?"

इथे आपली पोरं जास्त चुकतात. क्लॅट बारावीच्या निकालानंतर होत नाही. अलीकडची काही वर्षं ती डिसेंबरच्या सुरुवातीला होते आणि प्रवेश पुढच्या वर्षीचा असतो. म्हणजे पोर बारावीत असतानाच फॉर्म भरायचा. तो साधारण जुलै-ऑगस्टमध्ये सुटतो आणि ऑक्टोबरच्या आसपास बंद होतो. नेमका तेव्हा बंदी उठलेली असते, घरातले कर्ते बोटीवर असतात आणि फॉर्म राहून जातो. म्हणून कागदपत्रं बंदीतच गोळा करून ठेवा.

लॉ सीईटीचे फॉर्म वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत असतात, परीक्षा मार्च ते मेच्या दरम्यान. क्लॅट दिलेल्यानेही हा फॉर्म भरून ठेवावा. एकाच जाळ्यावर सगळी भिस्त ठेवू नये, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं!

पाच वर्षांच्या क्लॅटसाठी बारावीला ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४० टक्के. वयाची वरची अट नाही. बारावीला बसलेलं पोरही फॉर्म भरू शकतं.

"दाखले कोणते लागतात? आम्ही ओबीसी की एसबीसी?"

हा प्रश्न हलका समजू नका. राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळी असते. कोळी, भोई आणि इतर मच्छीमार जातींपैकी काहींचा राज्यातला प्रवर्ग एक, केंद्रातला दुसरा. त्यामुळे आपल्या दाखल्यावर जात जशी लिहिली आहे, तशीच दोन्ही याद्यांत शोधा. एका अक्षराच्या फरकावरूनही दाखला अडतो.

शिवाय राष्ट्रीय विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी काही आरक्षित जागा त्याच राज्यातल्या मुलांसाठी असतात. भोपाळमध्येही मध्य प्रदेशच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. महाराष्ट्रातल्या मुलाने तिथल्या अखिल भारतीय जागा किती आणि आपल्या प्रवर्गाला त्यात काय मिळतं, हे जागांच्या तक्त्यात बघूनच पसंती भरावी.

बंदीत काढून ठेवायचे कागद: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आणि केंद्राच्या नमुन्यातला प्रवर्गाचा दाखला. वैधतेला महिनोन् महिने लागतात, म्हणून अकरावीतच अर्ज टाका. बोटमालकांनी उत्पन्नाचा दाखला आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न यांतले आकडे जुळतात ना, हेही बघून घ्यावं.

"पैसे कुठून आणायचे?"

राष्ट्रीय विद्यापीठं स्वस्त नाहीत. शिकवणी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला साधारण दोन ते चार लाखांच्या घरात जातं, आणि असं पाच वर्षं. त्याआधी क्लॅटच्या फॉर्मचीच फी अलीकडे ४,००० रुपये आहे, एससी-एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ३,५००. रँक आल्यावर कौन्सिलिंगसाठी वेगळी रक्कम भरावी लागते. अलीकडे ती ३० हजार आहे, आरक्षित प्रवर्गांना २० हजार. ती नंतर फीमध्ये धरतात, पण मुदत थोडी असते. तेवढे पैसे आधी बाजूला ठेवा. ऐनवेळी ते व्यापाऱ्याकडून उचलायची वेळ येऊ नये.

शैक्षणिक कर्जासाठी लगेच बोट किंवा घर तारण ठेवायची गरज नसते. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज सरकारी हमी योजनेखाली विनातारण मिळू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे. आपली संस्था यादीत आहे का ते आधी बघा. आणि एक लक्षात ठेवा, शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं.

राज्यातल्या कॉलेजचा खर्च बराच कमी. सरकारी आणि अनुदानित कॉलेजची फी तर आपल्या आवाक्यातली. त्यात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

हुशार पण परिस्थिती नसलेल्या मुलांसाठी इडिया नावाची संस्था २०१० पासून काम करते. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ती सुरू केली. क्लॅटची तयारी आणि पुढचं शिक्षण यांत ती निवडक मुलांना हात देते.

"एजंट म्हणतो सीट करून देतो."

नको. क्लॅटच्या जागा रँकवर आणि पसंतीक्रमावर भरतात. जागा मिळाली की तीन मार्ग असतात: फ्रीझ म्हणजे हीच घेतो, फ्लोट म्हणजे ही धरून ठेवतो पण वरची मिळाली तर तिकडे जातो, एक्झिट म्हणजे बाहेर पडतो. फ्लोट केल्यावर वरची मिळाली की आधीची जाते. म्हणून जिथे खरंच जायचं नाही, ते नाव वर लिहू नका. खासगी कॉलेजात जाणार असाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आधी तपासा. मान्यता नसलेल्या कॉलेजच्या पदवीवर सनद मिळत नाही.

"पोरगा पदवीधर झालाय, बोटीवर जातो. त्याला आता जमेल का?"

जमेल. पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. आहे, त्याचीही सीईटी असते. पदवीला ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४० हवेत. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर एक बघा: दहावी-बारावी रीतसर करून घेतलेली पदवी चालते, बारावी न करता थेट घेतलेली चालत नाही.

"वकील होऊन कमाई होते का?"

पहिली तीन-चार वर्षं कठीण असतात. सीनियरच्या हाताखाली काम जास्त, पैसा कमी. २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनियरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं असं सुचवलं, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. कर्जाचा हप्ता ठरवताना हे धरून चला. राष्ट्रीय विद्यापीठातून कंपन्यांच्या नोकऱ्या मिळतात हे खरं, पण त्या सगळ्यांनाच मिळतात असं नाही. एक दिलासा मात्र आहे. सनदेची नोंदणी फी काही राज्यांत हजारो रुपये घेत होते. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा (एससी-एसटी १२५) जास्त नोंदणी फी घेता येणार नाही.

मग हे सगळं कशासाठी?

कारण आपला धंदा कायद्यावर चालतो, मंडळी. बंदीची तारीख, जाळ्याचा आस, एलईडीची बंदी, परवाना, सीआरझेड, बंदरासाठी टाकलेला भराव, हे सगळं कायद्याच्या कागदावर ठरतं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने, जेएनपीटीच्या भरावामुळे मासेमारी गेलेल्या उरण भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून जास्त भरपाईचा आदेश दिला. अर्जदार होते रामदास जनार्दन कोळी, आपल्यातलेच पारंपरिक मच्छीमार. आदेश झाला म्हणून लढाई संपली नाही, प्रकरण पुढे वरच्या कोर्टात गेलं. अशा लढाया वर्षानुवर्षं चालतात, आणि तेवढी वर्षं कागद सांभाळणारं आपलं माणूस लागतं.

त्याच हरित लवादाचं मध्य विभागाचं पीठ भोपाळला बसतं. मध्य प्रदेशातल्या तवा धरणावर विस्थापित आदिवासींच्या मच्छीमार संघाने १९९६ पासून जवळपास दहा वर्षं स्वतः मासेमारी चालवली. पुढे वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याखाली त्यांचा ठेका अडला. पाणी तेच, मासे तेच, माणसंही तीच. अडला तो कागद.

तो कागद वाचणारं पोर आपल्या घरातून निघालं, तर ते भोपाळला शिकलं की रत्नागिरीला, याने फारसा फरक पडणार नाही. फरक पडेल तो या बंदीत दाखले काढलेत की नाहीत, याने. दरवर्षी तारखा आणि फी बदलतात, म्हणून फॉर्म भरताना अधिकृत माहितीपत्रक वाचा. वाचून कळलं नाही तर सोसायटीत येऊन विचारा. ज्यांच्या घरात अकरावी-बारावीचं पोर आहे, त्यांना ही पोस्ट पाठवा.