टीबी झालाय, मग ताट वेगळं कशाला? घरी बरं होतानाचे सहा महिने

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप देतोय. बोलताना जे इकडे तिकडे झालं, ते थोडं नीट करून लिहिलंय.

आजचा विषय एका मैत्रिणीच्या व्हॉइस मेसेजवरून सुचला. तिच्या दादाला फुफ्फुसाचा टीबी निघाला. औषधं सुरू झाली. पण घरात पहिलं काय झालं? त्याचं ताट, वाटी, पेला बाजूला काढला गेला. आईने वेगळी चादर दिली. वहिनीने लेकराला त्याच्याजवळ जायचं नाही म्हणून सांगितलं. मैत्रिणीचा प्रश्न साधा होता: "हे सगळं खरंच करावं लागतं का?"

थेट उत्तर देतो. ताट वेगळं करायची गरज नाही. पण काही गोष्टी मात्र नक्की कराव्या लागतात, आणि गंमत म्हणजे नेमक्या त्याच बऱ्याच घरांत होत नाहीत. एकेक बघू.

टीबी पसरतो कसा?

हवेतून. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा अगदी बारीक थेंब हवेत जातात. त्यात जंतू असतात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. ताट, पेला, टॉवेल, चादर, हात मिळवणं, एका गादीवर बसणं, यातून टीबी होत नाही.

आणखी एक. टीबी फक्त फुफ्फुसाचाच असतो असं नाही. मानेच्या गाठींचा, मणक्याचा, पोटाचाही असतो. फुफ्फुसात आजार नसेल तर असा टीबी साधारणपणे दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे गाठीचा टीबी झालेल्या ताईला स्वयंपाकघरातून बाहेर काढायला काहीच कारण नाही.

मग करायचं काय? खिडक्या उघड्या ठेवा. समोरासमोर दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडं असेल तर उत्तम, हवा आरपार जाते. चाळीतली एकच खोली असेल तर पेशंटची गादी खिडकीजवळ टाका, आणि दिवसा त्याला गॅलरीत, ओट्यावर बसू द्या. सुरुवातीच्या दिवसांत त्याने मास्क लावायचा, खोकताना तोंडावर रुमाल धरायचा. थुंकी झाकणाच्या डब्यात, इकडे तिकडे नाही. बस, एवढंच.

किती दिवस?

नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी असेल आणि गोळ्या रोज नीट घेतल्या, तर दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. साधारण दोन आठवड्यांचा काळ सांगतात. तुमच्या पेशंटबाबत नक्की कधी, हे डॉक्टरांना विचारा. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर हिशोब वेगळा असतो.

आता विचार करा. निदान व्हायच्या आधी तो दादा कित्येक आठवडे घरात खोकत होता. तेव्हा सगळे एकत्र जेवत होते. खरा धोका तेव्हा जास्त होता. औषध सुरू झाल्यावर धोका कमी व्हायला लागतो, आणि आपण नेमकं तेव्हाच त्याला लांब करतो!

घरी बरं होता येतं, हे मद्रासने दाखवलं

पूर्वी टीबी म्हणजे सॅनेटोरियम. आपल्याकडे पाचगणीला होतं, मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं. थंड हवा, भरपूर आराम, चांगलं खाणं आणि घरच्यांपासून महिनोन् महिने लांब. पण सगळ्या पेशंटना पुरतील एवढे पलंग देशात नव्हतेच.

मग १९५६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक अभ्यास सुरू झाला. काही पेशंटना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना तीच औषधं घरी दिली. घरी असलेले पेशंट गरीब वस्तीत, दाटीवाटीच्या घरात, साध्या जेवणावर राहत होते. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन्ही गटांत बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखं होतं. आणि पेशंट घरी ठेवल्यामुळे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाणही काही वाढलेलं दिसलं नाही. पुढे जगभर टीबीचे उपचार घरी व्हायला लागले, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. तेव्हा कुणी म्हणालं की "याला कुठेतरी लांब ठेवा", तर त्यांना मद्रासची गोष्ट सांगा.

गोळ्यांचे सहा महिने

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या किती, ते वजनावर ठरतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असते. ताप गेलेला असतो, खोकला थांबलेला असतो, भूक लागते. घरचे म्हणतात, "झाला की बरा!" आणि गोळ्या सुटतात. टीबीचा जंतू फार हळू वाढतो. काही जंतू निपचित पडून असतात, त्यांना मारायला वेळ लागतो. मध्येच औषध सोडलं की उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात, आणि मग तीच औषधं लागू पडतील याची खात्री नसते.

म्हणून घरात एकाने ही जबाबदारी घ्या. पोलीसगिरी नको. चहाच्या वेळी गोळी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक खूण, फोनमध्ये अलार्म. एखादा दिवस चुकला तर आरडाओरडा न करता दवाखान्यात फोन करून विचारा.

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. लघवी नारिंगी होते, ते रिफाम्पिसिनमुळे. घाबरायचं नाही. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबत नसल्या, नजर धूसर झाली, रंग नीट ओळखू येईनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तळपायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा. दारू पूर्ण बंद, कारण या गोळ्यांचा लिव्हरवर आधीच ताण असतो. आणि हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून घ्या.

खाणं, आणि ते सगळ्यांचंच

महागड्या पावडरीचे डबे आणायची गरज नाही. भाकरी, वरण, मटकीची उसळ, अंडी, शेंगदाण्या-गुळाचा लाडू, दूध. भूक नसेल तर थोडं थोडं, चार-पाच वेळा. दर महिन्याला वजन करा. सुरुवातीच्या महिन्यांत वजन वाढणं ही चांगली खूण आहे.

झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात पेशंटसोबत घरच्यांनाही दरमहा धान्य-डाळ दिली गेली. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: अशा घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे दादाला अंडं आणि वहिनी उरलंसुरलं खाणार, असं चालणार नाही. तिचंही ताट भरलेलं हवं.

निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असताना पेशंटच्या बँक खात्यात पैसे येतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आले नाहीत तर आरोग्य केंद्रात खातं जोडलंय का ते विचारा, किंवा १८००-११-६६६६ या टोल फ्री नंबरवर फोन करा.

घरच्यांची तपासणी

हेच सगळ्यात जास्त राहून जातं. पेशंटसोबत राहणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळू शकतं. पाच वर्षांखालच्या लेकरांबाबत तर अजिबात चालढकल नको. आईला टीबी असेल तरी ती बाळाला अंगावर पाजू शकते. औषधं चालू ठेवायची, पाजताना मास्क लावायचा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवायचं.

आणि मनाचं काय?

सहा महिने घरात माणूस चिडतो, रडतो, गप्प बसतो. नोकरी जाईल का, लग्न जमेल का, शेजारी काय म्हणतील, हे सगळं डोक्यात फिरत असतं. वेगळं ताट दिसलं की त्याला कळतं, आपल्याला घाबरतायत. काही जण मग घरातच आजार लपवायला लागतात, गोळ्याही चोरून घेतात, आणि चोरून घेतलेली गोळी चुकते. म्हणून त्याला पंगतीत बसवणं हा उपचाराचाच भाग समजा.

तर मंडळी, ताट एकत्र, खिडकी उघडी, गोळी रोज, तपासणी सगळ्यांची. घरात किंवा शेजारी कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर हा भाग नुसता फॉरवर्ड करू नका, त्यांच्यासोबत दवाखान्यात जा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!