थायलंडमधील हत्ती स्वयंसेवी पर्यटन

पर्यटकांनी स्थळदर्शनाच्या जोडीने हत्ती संगोपन केंद्रांत काही तास ते काही आठवडे विनावेतन काम करणे, यास हत्ती स्वयंसेवी पर्यटन म्हणतात. स्वयंसेवकांना मोबदला मिळत नाही; उलट निवास, भोजन आणि हत्तींच्या देखभालीसाठी तेच शुल्क भरतात. उत्तर थायलंडमधील चियांग माई प्रांतात हा प्रकार विशेष रुजला असून अनेक परदेशी कुटुंबे सुट्टीच्या सहलीत त्याचा समावेश करतात.

पार्श्वभूमी

उत्तर थायलंडच्या सागवानी जंगलांत ओंडके ओढण्यासाठी हत्तींचा वापर पिढ्यान्‌पिढ्या होत असे. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये महापूर येऊन व दरडी कोसळून शेकडो लोक मृत्युमुखी पडले. या आपत्तीमागे जंगलतोड हे एक कारण मानले गेले आणि जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक वनांतील लाकूडतोडीवर बंदी घातली. वनांच्या रक्षणासाठी घेतलेल्या या निर्णयामुळे हत्ती आणि माहूत मात्र बेकार झाले. प्रौढ आशियाई हत्तीला दिवसाला सुमारे १५० किलो चारा लागतो. हा खर्च भागवण्यासाठी काही माहूत हत्तींसह बँकॉकसारख्या शहरांच्या रस्त्यांवर भीक मागू लागले, तर इतर अनेक हत्ती पर्यटकांची सवारी आणि करमणुकीचे खेळ यांकडे वळवण्यात आले.

हत्तीला माणसाच्या आज्ञेत आणण्याच्या पारंपरिक पद्धतीस 'फाजान' म्हणतात. तीत पिल्लाला आईपासून तोडून अरुंद लाकडी चौकटीत बांधले जाते व मारहाण, उपासमार यांच्या साहाय्याने त्याचा प्रतिकार मोडला जातो.

थायलंडमध्ये वन्य हत्तीला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पाळीव हत्ती मात्र १९३९ च्या ओझेवाहू जनावरांच्या कायद्याखाली येतो आणि मालकाची खाजगी मालमत्ता ठरतो. त्यामुळे एखाद्या हत्तीची सुटका करायची झाल्यास तो बहुधा मालकाकडून विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो.

कामाचे स्वरूप

या क्षेत्रातील सर्वांत परिचित केंद्र म्हणजे चियांग माई शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर मे तेंग खोऱ्यात असलेले एलिफंट नेचर पार्क. सेंगदुआन 'लेक' चैलर्ट यांनी १९९० च्या दशकात ते सुरू केले. तेथे हत्तींवर सवारी होत नाही आणि खेळही होत नाहीत. २०११ च्या बँकॉक पुरानंतर तेथे सुटका केलेले शेकडो कुत्रेही ठेवण्यात आले.

स्वयंसेवकांची कामे बहुतांशी कष्टाची असतात : मक्याची ताटे कापणे, कलिंगडे व भोपळे धुऊन चिरणे, लीद उचलणे, निवारे साफ करणे. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा संच झिजल्यावर त्याला कडक चारा चावता येत नाही. अशा वृद्ध हत्तींसाठी शिजवलेला भात आणि केळी यांचे गोळे वळले जातात. लहान मुलांना सहज जमणारे आणि हत्तीपासून दूर राहून करता येणारे असे हे काम आहे.

कौटुंबिक सहल

चियांग माई ही लान्ना राज्याची जुनी राजधानी असून तिची स्थापना १२९६ मध्ये राजा मंगराय याने केली. चौकोनी खंदकाने वेढलेले जुने शहर, वाट चेदी लुआंगचा भग्न स्तूप, दोई सुथेप डोंगरावरील मंदिर आणि २,५६५ मीटर उंचीचे देशातील सर्वोच्च शिखर दोई इंथनॉन ही येथील प्रमुख प्रेक्षणीय स्थळे होत. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ थंड व कोरडा असतो. लॉय क्राथोंग हा पाण्यात दिवे सोडण्याचा सण याच सुमारास, बहुधा भारतातील कार्तिकी पौर्णिमेच्याच रात्री येतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेतातील व जंगलातील आगींमुळे हवेत दाट धूर असतो, त्यामुळे लहान मुलांसाठी तो काळ त्रासदायक ठरतो.

हत्तींचे हित आणि टीका

वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन या संस्थेने २०१७ मध्ये आशियातील पर्यटनात वापरल्या जाणाऱ्या सुमारे ३,००० हत्तींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हत्ती वाईट परिस्थितीत राहत असल्याचे तीत आढळले. सवारीवर टीका वाढल्यानंतर अनेक छावण्यांनी 'अभयारण्य' असे नाव धारण केले. तथापि हत्तीला दिवसभर अनोळखी माणसांच्या गर्दीत अंघोळीसाठी उभे करायचे, तर त्यालाही आज्ञापालन शिकवावेच लागते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण थायलंडमधील एका केंद्रात हत्तिणीला अंघोळ घालताना एका स्पॅनिश तरुणीचा मृत्यू झाला. शिवाय क्षयरोग माणसातून हत्तीत आणि हत्तीतून माणसात पसरू शकतो.

त्यामुळे केंद्राची निवड करताना त्याच्या नावापेक्षा तेथील दिनक्रम पाहणे महत्त्वाचे ठरते. हत्ती साखळीविना कळपात वावरतात का, पिल्लांची पैदास किंवा प्रदर्शन होते का, माणसापासून दूर जाण्याची मुभा हत्तीला आहे का, हे त्याचे मुख्य निकष होत. जेथे पर्यटकाला हत्तीला हात लावण्याची संधी कमी मिळते, तेथे हत्तीची स्थिती सामान्यतः अधिक चांगली असते.

चांगली केंद्रेही पर्यटकांच्या पैशावर अवलंबून आहेत. २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे पर्यटन थांबले, तेव्हा अनेक छावण्या बंद पडल्या आणि माहुतांना हत्तींसह पायी आपापल्या गावी परतावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मे तेंग खोऱ्यात आलेल्या पुरातून एलिफंट नेचर पार्कमधील शंभराहून अधिक हत्तींना उंचावर हलवण्यात आले, मात्र दोन हत्ती वाहून जाऊन मरण पावले.