जमीन धन्याची, हात कुणाचे?

श्रोतेहो, "गावाला आमची पाच एकर जमीन आहे," असे अभिमानाने सांगणारे कोकणी गृहस्थ मुंबईत पुष्कळ भेटतात. पण "ती कसतं कोण?" असं विचारलं, की गृहस्थ जरा घुटमळतात! डोंगरातली वाडी, घरे दहा-बारा, त्यांतली निम्मी कुलपात. अशा ठिकाणी जमिनीचा धनी असणे म्हणजे नेमके काय, याचा आज आपण विचार करू.

कोकणात पूर्वी खोती होती. खोत हा मुळात सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा. पुढे तोच गावचा धनी होऊन बसला. अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळाने निम्मे भात त्याच्याकडे पोचवायचे. 1933 साली अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने संप पुकारला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असे ठरले. हा संप 1939 पर्यंत चालला. कुळांचे फार हाल झाले. पण कसणारे हात थांबले की धन्याच्या जमिनीत नुसते गवत उगवते, हे साऱ्यांना दिसले. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती बंद करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे 1949 च्या कायद्याने खोती गेली आणि 1 एप्रिल 1957 च्या 'कृषकदिना'ने कसणाऱ्या कुळाला मालकीची वाट मोकळी करून दिली.

हे न्यायाचेच झाले. पण त्यातून दूरच्या मालकाच्या मनात एक भीती राहिली. नवे कूळ लागले, तर त्याला ठरावीक मुदतीत जमीन विकत घेण्याचा हक्क कूळकायदा देतो. म्हणून मालक म्हणतो, "पडीक राहिली तरी चालेल, पण कुणाला द्यायला नको." कुणी दिलीच, तर तोंडी. मग भात आडवे झाले, की भरपाई मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती कागद नसतो. पीककर्जाचीही तीच गत.

पडीक जमिनीचे नुकसान एकट्या मालकाचे नसते, बरं का! आपली भातखाचरे उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांनी असतात. वरचा बांध फुटला की पावसाचे पाणी खालच्याचे खाचर धुऊन नेते. वाढलेल्या रानात डुकरे लपतात आणि रात्री शेजाऱ्याचे पीक लोळवतात. वस्ती विरळ, राखण करायला माणसे तरी किती असणार?

यावर उपाय म्हणून नीती आयोगाने 2016 साली एक नमुना कायदा सुचवला. मालकाची मालकी अबाधित राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज व विमा मिळावा, असा त्याचा हेतू. तो स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे.

तोवर काय करावे? मालकांनी पावसाआधी एकदा गावी जावे, बांध पाहावेत, शेजाऱ्याशी बोलावे. जमीन द्यायची असेल, तर आधी जाणत्या वकिलाला विचारावे. आणि शिक्षकबंधूंनी वरच्या वर्गातील मुलांना एक सातबारा वाचून दाखवावा. सातमध्ये जमीन कुणाची ते कळते, बारामध्ये तिच्यात काय पिकले ते. बारामध्ये वर्षानुवर्षे 'पड' लिहिलेले असेल, तर सातमधल्या नावाचा गावाला उपयोग काय, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.