जखमीला हात लावा!

जुलै २०१७. पुण्याजवळच्या भोसरीत वाहनाच्या धडकेने एक तरुण अभियंता रस्त्यावर रक्तबंबाळ होऊन पडला. भोवती गर्दी जमली. अनेकांचे हात खिशाकडे गेले, पण ते मोबाईल काढून फोटो घेण्यासाठी! अखेर एक दंतवैद्य पुढे आला. पण तो तरुण वाचला नाही. जून २०२४ मध्ये वसईत भरदिवसा, भररस्त्यात एका तरुणीचा लोखंडी पान्याने घाव घालून खून झाला. एक जण अडवायला धावला, तो एकटाच पडला. बाकीचे पाहत राहिले आणि त्या खुनाची चित्रफीत मोबाईलवरून घराघरात फिरली.

आपण पनवेलकर या बातम्या लांबच्या म्हणून वाचू शकत नाही. द्रुतगती मार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग आपल्या दारातून जातात. जून २०१६ मध्ये शेडुंगजवळच्या अपघातात १७ जण मृत्युमुखी पडले. जुलै २०२४ मध्ये पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांच्या बसला द्रुतगती मार्गावर अपघात झाला. उद्या तिथे कोण पडलेले असेल आणि आपण काय करीत असू?

वकील म्हणून मला लोक हमखास विचारतात, "साहेब, जखमीला हात लावला तर केस आपल्याच अंगावर येते ना?" याचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर. ३० मार्च २०१६ रोजी सेव्हलाईफ फाउंडेशन खटल्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे याच न्यायालयाने बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

म्हणजे कायद्याने भीतीचे कारण काढून टाकले. तरीही पाय का उचलत नाही? कारण प्रश्न केवळ भीतीचा नाही. "हा आपला कोण?" हा प्रश्न या देशात माणूस जन्मापासून शिकतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची हत्या झाली तेव्हा गाव तिथेच होते. वाचवायला कोण आले? बघ्यांची ही जमात मोबाईलने जन्माला घातलेली नाही. ती जातिव्यवस्थेने शतकानुशतके घडविली आहे. मोबाईलने तिला फक्त हाताला काम दिले. दुसऱ्याच्या वेदनेपासून अंतर राखणे हेही अस्पृश्यतेचेच एक रूप आहे.

कोणी म्हणेल, चित्रीकरणच नसते तर अन्याय उघड कसा झाला असता? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हा एका १७ वर्षांच्या मुलीने केलेले चित्रीकरण पोलिसाला शिक्षा होण्यास मोलाचे ठरले. पण जुलै २०१६ मध्ये उनाच्या हल्लेखोरांनीही चित्रीकरण केले होते, आपल्या बांधवांची विटंबना मिरविण्यासाठी! यंत्र एकच, हेतू वेगळा. म्हणून आधी मदतीचे बघा. मदत करणे खरोखर अशक्य असेल तरच चित्रीकरण करा आणि ते पोलिसांकडे, न्यायालयाकडे द्या. गटागटांत फिरवू नका.

हे आपल्यालाही लागू आहे. अत्याचारग्रस्त भगिनीचा फोटो नावासकट पुढे पाठविणारे आपल्यातही आहेत. संतापाच्या भरात आपण तिची दुसऱ्यांदा विटंबना करतो हे त्यांच्या ध्यानात येत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे.

तथागतांनी काय केले? मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूकडे इतर भिक्खू फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून अंथरुणावर निजविले, अशी कथा विनयपिटकात आहे. बुद्धांनी आधी हात लावला आणि मग संघाला उपदेश केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती वंदनेत म्हणून संपत नाही, रस्त्यावर उतरून पाळावी लागते.

म्हणून पनवेल परिसरातील विहारांना माझे आवाहन आहे. महिन्यातील एका रविवारी वंदनेनंतर प्रथमोपचाराचे प्रशिक्षण ठेवा. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून कसा थांबवायचा, मानेला वा पाठीला मार असलेल्याला विनाकारण का हलवू नये, हे तरुणांना डॉक्टरांकडून शिकवा. १०८ आणि ११२ हे क्रमांक विहाराच्या भिंतीवर ठळक लिहा. अपघात दिसला की मोबाईल जरूर काढा, पण पहिला फोन रुग्णवाहिकेला करा. मग तो खिशात ठेवा आणि जखमीला हात लावा. त्याची जात विचारू नका.

जय भीम!