डोंगरसहलीला उशीर का होतो?

डिसेंबर-जानेवारी हे सहलींचे दिवस. शाळांच्या सहली निघतात, तसे शिक्षकांचे मित्रगटही सुट्टी साधून जवळच्या डोंगरावर जाऊन येतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. मागे पसरलेले पाणी आणि भोवती साग-बांबूच्या जंगलाने झाकलेले डोंगर, यामुळे इथे येणाऱ्यांची संख्या बरीच असते. हे डोंगर सह्याद्रीच्या कड्यांसारखे उंच नाहीत. म्हणूनच ‘सकाळी जाऊ, दुपारी परत येऊ’ असे सहज ठरते, आणि पुष्कळदा ते तसे घडत नाही. उशिराचे खापर आपण नशिबावर किंवा एखाद्याच्या आळसावर फोडतो. पण त्यामागची बहुतेक कारणे मोजता येण्याजोगी असतात.

एका सहलीची नोंद

माझे सहा मित्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथल्या एका डोंगरावर गेले होते. त्यांच्यापैकी एकाने वेळा वहीत टिपून ठेवल्या, म्हणून हे उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे. वाट एका बाजूने ७ किलोमीटर, चढ सुमारे २४० मीटर. बेत असा होता: १० वाजता निघायचे, १२ च्या आत माथा गाठायचा, ५० मिनिटे जेवण, आणि साधारण २ वाजता पायथ्याशी परत.

घडले ते असे. सगळे जमून निघायला साडेअकरा वाजले. माथ्यावर पोहोचले २ वाजून ४० मिनिटांनी. जेवून साडेतीनला उतरायला लागले. उतरताना एका फाट्यावर वाट चुकली, त्यात अर्धा तास गेला. गुरे घेऊन घरी निघालेल्या एका गुराख्याने वाट दाखवली तेव्हा सूर्य मावळत होता. पायथ्याशी पोहोचायला साडेसहा झाले. शेवटचा अर्धा तास ते मोबाइलच्या उजेडात जंगलातून चालत होते.

म्हणजे उशीर झाला तो जवळजवळ साडेचार तासांचा! त्याची फोड करू. निघताना दीड तास, चढताना १ तास २२ मिनिटे, उतरताना १ तास ३६ मिनिटे. जेवणाला ठरल्याइतकाच वेळ लागला. कुठेही मोठा अपघात नाही, कुणाचा पाय मुरगळला नाही.

चालण्याचा हिशेब

मित्रांनी वेळ काढली होती ती एका प्रसिद्ध नियमाने. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. सपाटीवर तासाला ३ मैल, म्हणजे साधारण ५ किलोमीटर, असा वेग धरायचा आणि चढाच्या दर २००० फुटांना (सुमारे ६०० मीटर) एक तास वाढवायचा. त्याप्रमाणे ७ किलोमीटरला १ तास २४ मिनिटे आणि २४० मीटर चढाला २४ मिनिटे, एकूण १ तास ४८ मिनिटे.

नियम चुकीचा नाही, पण तो न थांबता चालणाऱ्या सराईत माणसासाठी आहे. दगडगोट्यांच्या, पाचोळ्याने झाकलेल्या रानवाटेवर सामान्य माणसाचा वेग तासाला ३ किलोमीटरपर्यंत उतरतो. मग ७ किलोमीटरलाच २ तास २० मिनिटे लागतात. त्यात चढाची २४ मिनिटे आणि विश्रांती मिळवली की ३ तास १० मिनिटे होतात. मित्रांना नेमका तेवढाच वेळ लागला. ते हळू चालले नव्हते. हिशेबातला वेग जास्त होता.

निघतानाच्या उशिराचेही गणित आहे. प्रत्येक जण दहापैकी नऊ वेळा वेळेवर येतो असे समजू. सहाही जण वेळेवर येण्याची शक्यता ०.९ ला स्वतःनेच सहा वेळा गुणून मिळते, ती सुमारे ०.५३. म्हणजे एवढ्या शिस्तीच्या माणसांचा गटही जवळजवळ निम्म्या वेळा खोळंबणारच. चाळीस मुलांसाठी हाच गुणाकार करून पाहा, उत्तर ०.०१५ च्या आसपास येईल.

शिवाय या चुका एकमेकींना छेदत नाहीत. आपण ठरल्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे लवकर पोहोचू शकतो, पण उशिराला मर्यादा नाही. म्हणून उशिरांची बेरीजच होत जाते.

सूर्य थांबत नाही

घड्याळ भारतभर एकच असले तरी सूर्य सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही. इटियाडोह मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसात रेखांश आहे. एका रेखांशाला ४ मिनिटे या हिशेबाने इथला सूर्यास्त मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी होतो. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर इथे साडेपाचलाच. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची सवय इथे दगा देते ती यामुळे.

आपल्याकडे संधिप्रकाशही थोडा वेळच टिकतो. सूर्य क्षितिजाखाली बऱ्याच सरळ उतरतो, म्हणून २०-२५ मिनिटांत अंधारून येते. नेस्मिथच्या स्कॉटलंडमध्ये सूर्य तिरका सरकत बुडतो आणि उजेड रेंगाळतो. त्यात डोंगराची सावली आणि झाडांचे छत्र यांमुळे रानात अंधार आणखी लवकर होतो. हीच अस्वलांची बाहेर पडण्याची वेळ. जवळच नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प (२०१३) आहे. या भागात वाघ-बिबट्यांचाही वावर आहे. अर्धा तास अंधारात चालणे इथे क्षुल्लक गोष्ट नव्हे.

परतीला वाट का चुकते?

चढताना वाट सापडते आणि उतरताना चुकते, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. चढताना बाजूने येणारी पायवाट आपल्या वाटेला मागून मिळते. आपले तिकडे लक्षही जात नाही. उतरताना तीच जागा फाटा म्हणून समोर येते. उपाय सोपा आहे: जाताना दर फाट्यावर मागे वळून पाहावे आणि परतीचे दृश्य लक्षात ठेवावे.

रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला आपण चकवा लागला म्हणतो. यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतले जंगल आणि ट्युनिशियातले वाळवंट इथे माणसांना सरळ चालायला सांगून त्यांचे मार्ग नोंदवले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत लोक बऱ्यापैकी सरळ चालत. तो झाकला की नकळत वर्तुळे काढत. दिशेच्या अंदाजातल्या बारीकसारीक चुका साचत जातात आणि त्या सुधारायला बाहेरची खूण नसते. चकव्यामागे भूत शोधायची गरज नाही.

उलटा हिशेब

मग काय करावे? बेत निघण्याच्या वेळेपासून न मांडता सूर्यास्तापासून उलट मांडावा. सूर्यास्त साडेपाचला. एक तास राखीव ठेवला तर साडेचारला पायथ्याशी हवे. उतरायला अडीच तास. म्हणजे २ वाजता, असू तिथून, मागे फिरायचे.

मित्रांनी हे पाळले असते तर माथा ४० मिनिटांवर असताना परतावे लागले असते. कठीण आहे ते हेच. इतके चढून आल्यावर ‘आता थोडेच राहिले’ असे प्रत्येकाला वाटते. म्हणून परतीची वेळ पायथ्याशीच सर्वांसमोर ठरवावी, गावात सांगून ठेवावी आणि तिथल्या एखाद्या माहितगाराला बरोबर घ्यावे. वनक्षेत्रात जायचे तर वनविभागाची परवानगीही हवी.

वर्गासाठी

१. विद्यार्थ्यांना एक किलोमीटर मैदानावर आणि एक किलोमीटर पायवाटेवर चालवून वेळ मोजा. गटाचा वेग म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग, हे त्यांनाच शोधू द्या.

२. दुपार कलल्यावर हात लांब करून बोटे आडवी धरा. सूर्याकडे थेट पाहू नका, तो तळहाताआड ठेवा. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये चार बोटे मावली तर मावळायला साधारण अर्धा तास आहे. घड्याळाशी ताडून पाहा.

३. पुढच्या सहलीचा बेत विद्यार्थ्यांकडून उलट्या हिशेबाने करून घ्या आणि प्रत्यक्ष वेळा टिपायला लावा. दोन्हींतला फरक वर्गात फळ्यावर मांडा. त्यानंतरच्या सहलीचे वेळापत्रक त्यावरूनच ठरवता येईल.