तांदूळ निवडावेत तशी गाडी

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीवरून सकाळी चालत जाताना कडेला लावलेल्या गाड्यांचे नंबर वाचायची मला सवय आहे. एपी 09, टीएस 09, टीजी 09. शहर एकच, आरटीओचा आकडाही तोच, अक्षरं मात्र तीन तऱ्हेची. जून 2014 मध्ये तेलंगणा वेगळं झालं तेव्हा नव्या गाड्यांना टीएस मिळालं आणि मार्च 2024 पासून टीजी. आधीच्या गाड्यांवरची एपी तशीच राहिली. म्हणजे एपी 09 दिसली की गाडीची नोंदणी दहा वर्षांहून जुनी, हे बॉनेट न उघडता, मालकाला एक शब्द न विचारता कळतं. विहीर खणताना मातीचे थर दिसावेत, तसे एका राज्याच्या इतिहासाचे थर इथे चार चाकांवर उभे आहेत.

मोजक्या पैशांत जुनी गाडी घ्यायला निघालेल्याने असंच वाचत जावं, असं मला मनापासून वाटतं. गाडीवर तिचं चरित्र जागोजागी लिहिलेलं असतं.

आधी किमतीचं नवल. विम्याच्या नेहमीच्या कोष्टकात गाडी चार वर्षं ओलांडून पाचव्यात गेली की तिची किंमत निम्मी धरतात. इंजिन तर निम्मं झिजलेलं नसतं. मग बाजारात जुन्या गाडीचा भाव इतका का उतरतो? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने याचं एक उत्तर शोधलं. गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीत भीत सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी द्यायला तिचा मालक तयार होत नाही, तो ती घरीच ठेवतो. बाजारात खोडीच्या गाड्या वाढतात, भाव आणखी घसरतो. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता. 1970 मध्ये तो छापून आला आणि 2001 मध्ये अ‍ॅकरलॉफ यांना नोबेल मिळालं.

मला खरा आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. अ‍ॅकरलॉफ 1967-68 मध्ये वर्षभर दिल्लीला, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. आणि जुन्या गाड्यांवरच्या त्या निबंधात चक्क आपल्याकडची गृहिणी येते: बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे वेचून काढणारी. तिच्या या कामाला मराठीत निवडणं म्हणतात. खडा काढून टाकणं आणि हवं ते पसंत करणं, दोन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो! अर्थशास्त्राला सांगायला निबंध लागला, ते या एका शब्दात बसलेलं आहे.

आई तांदूळ निवडायला बसली की ताट उजेडाकडे तिरपं धरायची. गाडीही तिरप्या उन्हात पाहावी, सकाळी किंवा उतरत्या दुपारी. रात्री किंवा पावसात कधीच नाही. मागच्या दिव्यापाशी उकिडवं बसून दारांच्या पत्र्यावरून पुढे नजर टाका. कारखान्यातून आलेल्या पत्र्यात समोरच्या इमारतीची रेघ सलग दिसते. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यात तीच रेघ पाण्यातल्यासारखी हलते. शंका आली तर फ्रिजवरचा चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून तिथे टेकवा. कारखान्यातला रंग साधारण 0.1 ते 0.15 मिलिमीटर जाड, वहीच्या एक-दीड पानाएवढा. तेवढ्यात गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि वरची चकाकी, चारही मावतात. त्यातून चुंबकाची ओढ सहज पोचते. खाली लांबी भरलेली असेल तर चुंबक सुटून हातात येतो. (बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे हा प्रयोग करू नका.)

मग टायर. त्याच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडी 2019 ची, मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि चारही टायर 2023 चे, असं असेल तर पहिले टायर इतक्यात कुठे झिजले, हे विचारायचं. काचांच्या कोपऱ्यातही बारीक शिक्का असतो, त्यात वर्षाची खूण. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक नंतरची, तर त्या बाजूला काहीतरी घडलेलं आहे.

इंजिन पाहायचं ते थंड. पोचल्याबरोबर तळवा बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल खाली उतरलेलं असतं, म्हणून झिजलेल्या भागांचा खडखडाट पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथे ताकावर आलेल्या लोण्यासारखा दाट थर असेल, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असावं. रवीने ताकात जे होतं, तेच इथे फिरत्या क्रँकने केलेलं असतं. आपला मेकॅनिक सोबत न्यावाच; त्याला द्यावे लागणारे पैसे खर्चात धरूच नयेत.

कागदांचं थोडक्यात. चॅसी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला नंबर एकेक अक्षर ताडून पाहा. नांदेड-लातूरकडच्या नातलगाची एमएच गाडी स्वस्तात मिळत असेल, तर तिकडची एनओसी आणि तेलंगणाचा लाइफ टॅक्स धरून मगच हिशोब करा. आणि आपली गाडी विकलीत तर आरसीवरचं नाव बदलेपर्यंत स्वस्थ बसू नका. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

शेवटी पाणी. आमच्या या भागातून, अशोकनगर, दोमलगुडा, बागलिंगमपल्लीकडून, हुसेनसागराचं जादा पाणी वाहून नेणारा नाला मुशीकडे जातो. 13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री हैदराबादेत असा पाऊस झाला की रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना कुणी चावी फिरवली, तर पोलादी कनेक्टिंग रॉडही वाकतो. तारांच्या जोडांत राहिलेली ओल महिनोन्‌महिने आतून कुरतडत राहते. सीटकव्हरं नवी बसवता येतात, गालिचे धुता येतात, अत्तर शिंपडता येतं. म्हणून सीटबेल्ट हळूहळू, अगदी संपेपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीच्या तळचं ते वीतभर कापड कुणाच्या छातीवर कधी येत नाही आणि धुण्याचंही सहसा कुणाला सुचत नाही. त्यावर गढूळ तपकिरी रेघ असेल, तर पाणी किती वर चढलं होतं ते तिथे लिहिलेलं आहे.