दुखणं टाकीच्या पोटात

‘मॅसी’ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाल १०३५ उभा राहतो. चेन्नईची ‘टॅफे’ ही कंपनी १९६० मध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं निघाली आणि इंग्लंडमधल्या ‘३५’ या ट्रॅक्टरचा वारसा सांगणारं हे तीन सिलिंडरचं यंत्र इथल्या शेतांत रुळलं. त्यातले जुने ट्रॅक्टर अजून पेरणीला जातात. इंजिनाचं काम होतं, क्लच प्लेट बदलते, टायरांची तर गणतीच नसते. टाकी मात्र बऱ्याचदा मूळचीच असते. बॉनेटखाली, इंजिनच्या वर बसवलेली, पत्र्याचे दाबून घडवलेले भाग शिवणीवर जोडून केलेली. तिच्याकडे कोणी बघत नाही. मग एके सकाळी बुडाशी ओला डाग दिसतो, चार दिवसांनी त्याची धार होते. खाली इंजिन आणि सायलेन्सरचा तापलेला पाइप असतो, त्यामुळे प्रश्न फक्त वाया जाणाऱ्या डिझेलचा राहत नाही.

डिझेल जिथं ठिबकतं तिथंच गळत असेल असं नाही. पत्र्यावरून ते पसरत जातं आणि भलत्याच कोपऱ्यातून टपकतं. म्हणून जाणता मिस्त्री आधी टाकी बाहेरून धुतो, फडक्यानं कोरडी करतो आणि खडूची भुकटी फासून वाट बघतो. भुकटीवर पहिली ओली रेघ जिथं उमटते, तिथं खरं दुखणं. पुष्कळदा टाकी निर्दोष सुटते. कॉकचा वायसर झिजलेला असतो, नाहीतर ओव्हरफ्लोच्या पाइपाचं रबर चिरलेलं असतं.

टाकीच फुटली असेल तर गावोगावी पहिला उपाय एकच: कपड्याच्या साबणाची वडी चोळायची. हा उपाय चेष्टेचा नाही. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे बारीक छिद्र तात्पुरतं बुजतं आणि ट्रॅक्टर घरी येतो. त्यावर हंगाम काढणारे महाभागही आहेत. त्यांना हात जोडावेत.

छिद्र बाहेर दिसतं, पण बहुधा ते आतून पडलेलं असतं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा थंड पत्र्यावर थेंब धरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्यामुळे आम्ल तयार होतं आणि बूड पोखरत जातं. एक छिद्र दिसलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झाला असण्याची शक्यता मोठी. याला अपवाद पट्टीचा. टाकी आवळणारी पट्टी सैल झाली की धक्क्यांनी घासून पत्रा बाहेरून कापते, आणि पट्टीखालचं फेल्ट पाणी धरून ठेवत असेल तर गंजही तिथंच लागतो.

आता वेल्डिंग. ‘टाकी रिकामी आहे, मार टाका’ हे वाक्य ज्या दुकानात ऐकू येईल, तिथून टाकी परत आणावी. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत हवाही असते आणि शिवणीत, गंजाच्या खवल्यांत मुरलेलं डिझेलही. पत्रा तापला की त्याची वाफ होते, हवेशी मिसळते आणि ठिणगीला तयारच राहते. डिझेल पेट्रोलसारखं सहज पेटत नाही हे खरं, पण वेल्डिंगच्या आचेपुढे तो फरक उरत नाही. काही जण दुसऱ्या ट्रॅक्टरचा धूर टाकीत सोडतात. डिझेल इंजिन रिकामं चालत असताना त्याच्या धुरात ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो, त्यामुळे हा उपाय बेभरवशाचा.

खरी रीत कंटाळवाणी आहे. कॉक, गेज, झाकण काढायचं. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं टाकी पुन्हा पुन्हा विसळायची. आत नट किंवा साखळीचा तुकडा टाकून खळखळवायची, म्हणजे खवले सुटतात; किती टाकले आणि किती निघाले, हे मोजायचं. मग छिद्राची बाजू वर करून टाकी पाण्यानं भरायची, डागाच्या जागेपुरतीच पोकळी ठेवायची; खाली गेलेली तोंडं बंद करायची, वरची उघडी ठेवायची.

सुईएवढ्या छिद्राला वेल्डिंग लागतच नाही. रेडिएटरची कामं करणारा कारागीर इथं वेल्डरपेक्षा सरस ठरतो. पत्रा चकचकीत घासून, नवसागर किंवा जस्तानं मारलेलं आम्ल लावून, तापवलेल्या तांब्याच्या टोकानं तो कथिल-शिशाचा डाग देतो. ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसं असलेलं मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे पातळ पत्रा जळत नाही. मात्र त्यालाही टाकी धुतलेलीच हवी. शिवण उकलली असेल किंवा पट्टीखाली चीर गेली असेल, तर हा डाग धक्क्यांनी निघतो. तिथं पितळ मारावं किंवा पत्र्याचा तुकडा जोडावा. तो तुकडा साध्या काळ्या पत्र्याचा असावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा हाताशी असतो म्हणून वापरतात, पण जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होते आणि तयार होणारा साका फिल्टर तुंबवतो.

तपासताना तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं अगदी थोडी हवा भरावी आणि साबणाचं पाणी फासून बुडबुडे बघावेत. कॉम्प्रेसरची नळी लावली तर टाकी फुगून नवीच शिवण उकलते. शेवटी टाकी आतून पूर्ण वाळवून बसवायची, पट्टीखालचं फेल्ट बदलायचं, फिल्टर नवा घालायचा आणि फिल्टर-पंपाचे स्क्रू ढिले करून एअर काढायची.

बुडाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबा. पत्रा दबला तर दुरुस्तीचा नाद सोडा आणि टाकी बदला. दबला नाही तर टाकी नीट करून घ्या, संध्याकाळी ती भरून ठेवत जा आणि अधूनमधून तळाचं पाणी काढा.